बर्फातली बाटली आणि हबीब सर

हबीब सरांना माणसाचं तोंड ध्यानात राहत नाही. त्याची बुरशी राहते.

एकदा बीडच्या बाजारात मी त्यांच्या संग चाललो होतो. समोरून एक पांढऱ्या कपड्यातला जाडजूड गडी आला. मागं दोन माणसं, हातात दोन फोन. कुठल्या तरी गावचा पुढारी असावा. त्यानं हात जोडले आणि म्हणला, "काय सर, ओळखलं का?" सरांनी चष्म्यातून बघितलं, चष्म्यावरून बघितलं आणि न्हाई म्हणले. पुढाऱ्याला ते ऐकायची सवय नव्हती. "आवं, तुमच्याकडं तपासणीला आलतो की मागं." सर म्हणले, "काय तपासलंतं?" तो आवाज खाली करून म्हणला, "नख. पायाचं." तवा कुठं सरांचं तोंड उजळलं. "डावा अंगठा. पिवळट, वर मखमलीवानी लव. काय सुरेख वाढलीती तुमची. चला, चहा घेऊ." हे सगळं भर बाजारात, केळीच्या गाड्यापाशी, मोठ्या आवाजात. मागची दोन माणसं पुढाऱ्याच्या पायाकडं बघायला लागली. पुढारी चहा न घेताच गेला.

सरांना कळलंच नाही की तो कशापायी रागावला.

हबीब सर बीडला एका लहान लॅबमध्ये काम करतात. वय साठीच्या पुढं. उंच, जरा वाकलेले, हाताला कायम स्पिरिटचा वास. त्यांचं काम मी माझ्या समजुतीनं सांगतो, शाळा माझी चौथीपर्यंतच झाली आहे. माणूस लई दिवस दवाखान्यात पडून राहिला, अंगात नळ्या राहिल्या, की कधी कधी रक्तात यीस्ट शिरते. यीस्ट म्हणजे बुरशीचीच एक जात. बेकरीत पाव फुगवायला खमीर घालतात, त्याच्या भावकीतली. ती कोणत्या औषधानं मरते आणि कोणत्याला दाद देत नाही, हे सर बघतात. काचेच्या चपट्या ताटलीत निळसर खळ असते, त्यावर ती यीस्ट पसरायची. वर औषधाच्या पांढऱ्या टिकल्या ठेवायच्या आणि ताटली ऊबेच्या कपाटात ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती मोकळं रिंगण पडलं तर औषध लागू. यीस्ट टिकलीला खेटून उगवली तर औषध फुकट. रिंगण मोजायचं आणि लिहून द्यायचं. हेच काम तीस वर्षं.

गंमत अशी की त्यांचे अब्बा बेकरीवाले. पाव, खारी, नानखटाई. खमिराचं भांडं थंडीत घोंगडीत गुंडाळून ठेवायचे म्हणे, पोरांना नसली घोंगडी तरी चालंल. आता ती बेकरी थोरले भाऊ रशीदभाई बघतात. गिऱ्हाईक आलं की सांगतात, "अब्बानं जिंदगीभर जिला पाळलं, तिला मारायला हा बसलाय." सर तिथंच बाकावर चहा पीत असले तर म्हणतात, "मी मारत न्हाई. कशानं मरंल तेवढं सांगतो."

त्यांचं दुसरं एक वेड म्हणजे ते लगेच काही सांगत नाहीत. काहीही विचारा, "चोवीस तासांनी सांगतो." पाऊस येईल का, चोवीस तासांनी सांगतो. चहात साखर बरोबर आहे का, त्यालाही तेच. रशीदभाई सांगतात, जवानीत शिरूर कासारहून स्थळ आलतं. मुलगी बघितली, चहा झाला, मुलीच्या बापानं विचारलं पसंत हाय का. सर म्हणले, चोवीस तासांनी सांगतो. बापाला वाटलं पोराच्या मनात नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळीच दुसरीकडं सुपारी फोडली. सर बरोबर चोवीस तास भरल्यावर, संध्याकाळच्या टायमाला, नवा सदरा घालून, मिठाई घेऊन शिरूरला पोचले. त्या घरच्यांनी मिठाई ठेवून घेतली आणि त्यांना जेवायला घालून परत पाठवलं. त्यानंतर त्यांनी परत मुलगी बघितली नाही.

आता मी ह्या माणसाच्या नादाला कसा लागलो ते सांगतो. ते सांगायला मला जड जातं.

माझं गाव नांदूरघाटाकडं. बत्तीस वर्षं मी डेअरीच्या दुधाच्या गाडीवर होतो. गावोगावचं दूध गोळा करायचं आणि थंड करायच्या केंद्रावर नेऊन टाकायचं. उन्हाळ्यात वाटेत दूध नासू नये म्हणून बर्फ घालून न्यायचं. एवढीच एक विद्या मला येते.

माझी बायको सुभद्रा. गेल्या उन्हाळ्यात तिचं आतडं फुटलं. केजला एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं म्हणले, पण पंधरा दिवस झाले तरी ताप हटंना. मानेत नळी, नाकात नळी, मुताची नळी. डॉक्टर म्हणले, "बाबा, रक्तात बुरशी झाली असं वाटतंय. औषध चालू केलंय. पण ते लागू पडतंय का, ते बीडला तपासून घ्यावं लागंल." तिचं रक्त एका बाटलीत घेतलं आणि माझ्या हातात दिलं. नर्स म्हणली, "उभी धरा, फोडू नका, लवकर पोचवा."

थंड ठेवायची का गरम ठेवायची, ते ती म्हणली नाही. मी विचारलं नाही. मला काय विचारायचं? ऊन असं होतं की डांबर पायाला चिकटत होतं. दवाखान्यासमोर रसवंती होती. रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला, घरून जेवणासंग आणलेली दुधाची किटली होती, तिच्यात भरला, बाटली मधोमध उभी केली आणि वर ओला टॉवेल बांधला. माझ्या बायकोचं रक्त नासू नये म्हणून.

काळीपिवळी जीप भरंपर्यंत हलली नाही. मांजरसुंब्याला तिचं टायर बसलं. बीडला लॅबमध्ये पोचायला चार तास लागले. पण बर्फ काही मी संपू दिला नाही, वाटेत आणखी घेतला.

लॅबमध्ये खिडकीपाशी शोभा नावाची बाई बसते. तिनं बाटली घेतली आणि हात झटकला. आतून उंच माणूस आला. त्यानं बाटलीला बोट लावलं.

"हे काय बे? बर्फात?"

मग त्यांनी माझं वय बघितलं. "बाबा, कुणी सांगितलं बर्फात ठेवायला?"

मी म्हणलं, "नासू नये म्हणून."

"नासायलाच पाहिजे ना ती. कोंबडीखालची अंडी बर्फात ठेवून पिल्लं मागता का? आत यीस्ट हाय. ती वाढली तर आपल्या हाताला लागणार. हाताला लागल्याशिवाय ती कशानं मरती ते कसं कळायचं?" मग माझ्याकडं न बघता विचारलं, "किती वेळ होती?"

"चार तास."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी विचारलं, "मग आता?" ते म्हणले, चोवीस तासांनी सांगतो.

पुढचे पाच दिवस मी त्या लॅबच्या बाकावर बसून काढले. रात्री रशीदभाईंच्या बेकरीत आडवा व्हायचो, सकाळी परत बाकावर. लोक म्हणतील बायको तिकडं पडलेली आणि हा इकडं कशापायी. पोरगा दत्ता तिच्यापाशी होता. खरं ते सांगतो, मला तिला नळ्यात बघवत नव्हतं. बीडला बसलो की वाटायचं आपण तिच्याच कामाला बसलोय.

बाटली दुसऱ्या दिवशी उशिरा बोलली. बाटल्या ठेवायचं एक मशीन आहे, आत काही उगवलं की दिवा लागतो आणि शिटी वाजते. शिटी वाजली तवा सर असे धावले जसा काही पावणा आला. त्यातलं थोडं घेऊन ताटलीत टाकलं. सकाळी आल्याबरोबर मला ऐकू आलं, आत सर म्हणत होते, "सुभद्राबाई, उठल्या का?"

मी बाकावरून उठून आत गेलो. परका माणूस माझ्या बायकोचं नाव घेतो आणि हातात पांढऱ्या ठिपक्यांची ताटली. मी म्हणलं, "सर, माझी बायको केजला पडलीय. हिला तिचं नाव देऊ नका."

ते गोंधळले. खरंच गोंधळले. म्हणले, "समद्यांनाच मी नावानं बोलतो बाबा. मग काय नंबरानं बोलू?"

मी विचार केला. केजला तिला चार नंबरची पेशंट म्हणत होते. मी म्हणलं, "नको. नावच घ्या."

सर दर वेळी पेशंटच्या ताटलीसंग दुसरी एक ताटली लावतात. तिच्यावर त्यांच्या ओळखीची यीस्ट असते, वर्षानुवर्षं सांभाळलेली. तिचं रिंगण किती यायला पाहिजे ते आधीच माहीत असतं. तिला ते साक्षीदार म्हणतात. साक्षीदाराचं माप चुकलं की बाकी सगळं रद्द, परत पहिल्यापासून. शोभा म्हणती, "सर, कलेक्टर आला तरी तुमी त्याला साक्षीदार मागाल." सर म्हणतात, "मागीन."

चौथ्या दिवशी टिकल्या लावल्या. पाचव्या दिवशी सकाळी सर ताटली घेऊन खिडकीशी उभे राहिले. उजेडात धरली, काळ्या कागदावर ठेवली, मोजली, परत मोजली. मी दारात उभा. विचारलं, "काय झालं?"

"चोवीस तासांनी सांगतो."

माझं डोकं फिरलं. "काल बी चोवीस, आज बी चोवीस. तिकडं बाई मरायला लागलीय आन् तुमी ताटल्या बघत बसलात. डोकं ठिकाणावर हाय का बे तुमचं?"

माझ्यापेक्षा शिकलेल्या माणसाला मी बे म्हणलो. शोभा उठून उभी राहिली. सरांनी मान खाली घातली आणि हातमोजे बदलले.

सहाव्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. चालू औषध लागू नाही, दुसरं लागू आहे. सरांनी स्वतः केजला फोन केला, कागद नंतर दिला. दुसरं औषध बीडलाच मिळालं. ते घेऊन मी केजला गेलो. दुपारी पहिली सुई दिली. सुभद्रेच्या हाताला हात लावला तर बोटं हलली, का मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्यानंतर मी घरात बसून राहिलो. चुलीकडं बघवंना, बाजंकडं बघवंना. आणि डोक्यात एकच बर्फ. मी तो बर्फ घातला नसता तर बाटली लवकर बोलली असती. बाटली लवकर बोलली असती तर औषध लवकर आलं असतं. केजच्या डॉक्टरला विचारलं तर म्हणले, "छे छे बाबा, तसं काही नसतं." माझ्या तोंडातून पुरतं निघायच्या आत म्हणले. दत्ता म्हणला, "आप्पा, येडे झालात का?" व्याही म्हणले, नशिबात होतं. जो तो लगेच नाही म्हणायचा. इतक्या लगेच नाही म्हणणाऱ्याचं मला खरं वाटंना. दुधात फॅट किती, हे सुद्धा यंत्रात घातल्याशिवाय मी कधी सांगितलं नाही.

तेरावा झाला आणि मी बीडला गेलो. हबीब सरांनी मला ओळखलं नाही. मी म्हणलं, सुभद्राबाई. तवा त्यांनी खुर्ची दिली. ती गेली हे त्यांना माहीत होतं. कसं, ते मी तवा विचारलं नाही.

मी म्हणलं, "सर, एकच विचारायचंय. माझ्या बर्फानं गेली का ती?"

मला वाटलं हे पण छे छे म्हणतील. ते म्हणले, "मला म्हाईत न्हाई."

मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मग म्हणले, "करून बघू. तिच्या रक्तातली यीस्ट माझ्यापाशी जित्ती हाय. किटली हाय का ती तुमच्यापाशी?"

"घरी हाय."

"तीच लागंल. सोमवारी सकाळी घेऊन या. करायचं तर पुरतं करायचं."

सोमवारी सकाळी सातला मी किटली घेऊन हजर. सरांनी नव्या दोन बाटल्या काढल्या. म्हणले आत रक्त लागतं, त्याशिवाय तेव्हासारखं होत नाही. मी सदऱ्याची बाही वर केली. "माझं घ्या." त्यांनी विचारलं, "औषध काही चालू हाय का?" खोकल्याला गावच्या डॉक्टरनं कसल्या गोळ्या दिल्या होत्या, त्या दाखवल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि मान हलवली. "हे आत असलं तर हिशोब चुकंल." आणि स्वतःची बाही वर करून शोभापुढं बसले.

शोभा म्हणली, "सर, ह्या वयात दोन बाटल्या?"

"घे गप."

तिनं घेतलं. मी बघत होतो. माझ्या बायकोसाठी माझ्या भावानं सुद्धा रक्त दिलं नव्हतं.

दोन्ही बाटल्यांत मोजून सारखीच यीस्ट घातली. एक किटलीत बर्फात, वर ओला टॉवेल. दुसरी माझ्या बंडीच्या खिशात. मला वाटलं आता चार तास बसायचं. सर म्हणले, "बसून कसं चालंल? ती काळीपिवळीत हादरत आलती." त्यांनी स्कूटर काढली. मी मागं, मांडीवर किटली. असे दोन म्हातारे आम्ही बीडहून मांजरसुंब्याला निघालो. स्कूटर एवढी हळू की सायकलवाला पुढं गेला आणि वळून बघून हसला. वाटेत एका पोलिसानं हात केला. "किटलीत काय हाय?"

सर म्हणले, "खमीर."

पोलिसानं टॉवेल उचलला, बर्फात बाटली बघितली, सरांच्या तोंडाकडं बघितलं आणि जा म्हणला.

मांजरसुंब्याला टायर बसलं होतं म्हणून तिथं झाडाखाली एक तास नुसतं बसलो. सर घड्याळ बघत होते. बर्फ वितळला तसा मी जाऊन परत बर्फ आणला, कारण त्या दिवशीही आणला होता. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, सुभद्राबाई स्वैपाक कसा करायच्या. मी म्हणलं भरड्याची भाकरी चांगली करायची, आमटी खारट करायची, चाळीस वर्षं खारटच केली. ते म्हणले, "मग तुमी सांगितलं न्हाई?" मी म्हणलं, "सांगितलं. म्हणायची, मग तुमी करा."

सर हसले. मी पण हसलो आणि मग मला रडू आलं. ते दुसरीकडं बघत राहिले. झाडाची साल काढत राहिले.

बरोबर बाराला दोन्ही बाटल्या मशीनमध्ये ठेवल्या. त्या दिवशी मला त्यांनी बेकरीत झोपू दिलं नाही, स्वतःच्या खोलीवर नेलं. बेकरीच्या वरच एक खोली आहे. खुर्च्या दोन, एकीवर वर्तमानपत्रांचा ढीग. तो उचलून खाली ठेवला आणि मला बसवलं. ढीग एवढा जुना होता की खालचे कागद खुर्चीला चिकटले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला साध्या बाटलीची शिटी झाली. बर्फातल्या बाटलीची झाली नाही. तीन वाजले, चार वाजले. मी मशीनसमोर उभा. पाच वाजले, सहा वाजले. शोभानं चहा दिला, तो तसाच निवला. साडेसहाला शिटी झाली.

सरांनी कागदावर लिहिलं आणि कागद माझ्यापुढं केला. "साडेचार तास बाबा. तुमच्या बर्फानं साडेचार तास उशीर झाला. खोटं सांगत न्हाई."

मी म्हणलं, "बरं."

खरं सांगतो, बरंच वाटलं. जेवढं होतं तेवढं आकड्यात आलं. एवढे दिवस ते घरभर होतं, बाजंवर होतं, ताटात होतं. मी विचारलं, "मग त्या साडेचार तासानं गेली का?"

सरांनी दार लोटून घेतलं. कपाटातून एक निळसर ताटली काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "तीच यीस्ट हाय, तीच टिकली. काल परत लावली, तुमाला दाखवायला." मग खाली बसले. "तुमचे साडेचार तास. माझे चोवीस."

मला समजलं नाही.

"तुमी ज्या दिवशी मला शिव्या दिल्या ना, त्या दिवशी रिंगण आलंतं. पण मला वाचता आलं न्हाई. म्हणून मी रिपोर्ट दिला न्हाई. दुसऱ्या रीतीनं, बारीक खळग्यात औषध कमी-जास्त घालून परत लावलं. त्यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की चालू औषध फुकट हाय. एक दिवस आधी सांगितलं असतं तर..."

मी त्या माणसाकडं बघत बसलो. मला राग आणायचा होता. मी त्यासाठीच बीडला आलतो, असं तवा वाटलं.

त्यांनी मापायची कंपास माझ्या हातात दिली. "तुमीच मोजा."

मी ताटली खिडकीपाशी नेली. टिकलीभोवती रिंगण होतं आणि नव्हतं. आत एक मोकळी जागा, मग धुक्यावानी पातळ पांढरं, मग दाट. आतली कड धरली तर अकरा आले. बाहेरची धरली तर अठरा. मी परत मोजलं. परत तेच दोन.

"अकरा म्हणजे काय?"

"औषध लागू न्हाई."

"आन् अठरा?"

"लागू हाय."

मी तिसऱ्यांदा मोजलं. माझी नजर अजून चांगली आहे, दुधातला केस मला लांबून दिसतो. पण ती कड कुठं आहे ते मला सांगता येईना. माझ्या हातात माझ्या बायकोचं मरण होतं आणि मला ते वाचता येईना.

मी ताटली त्यांच्यापुढं ठेवली. "सर, मला बी न्हाई सांगता येत. मी बी परत लावली असती."

सर म्हणले, "तीस वर्षांत ताटली बघायला कुणी आलं न्हाई बाबा. कागद न्यायला येतात."

थोड्या वेळानं ते उठले. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातून बोटाएवढी एक नळी काढली. तिच्यावर सुभद्राबाईचं नाव होतं, त्यांच्या अक्षरात. म्हणले, "ही एव्हाना उकडून टाकायला पाहिजे होती. माझ्याच्यानं झालं न्हाई."

कोपऱ्यात उभा मोठा कुकर आहे, त्यात काम झालेलं सगळं उकडून मारतात. सरांनी ती नळी, दोन्ही बाटल्या आणि ताटली आत ठेवली, झाकण आवळलं, गॅस पेटवला. मी म्हणलं, चला आता, जेवायला जाऊ. ते हलले नाहीत. डोक्यावर रुमाल टाकला, हात पुढं बांधले आणि कुकरकडं तोंड करून उभे राहिले. ओठ हलत होते.

मी हळूच विचारलं, "हे काय, सर?"

"पेशंट हाय का गेला, ते दवाखान्यात फोन करून विचारून घेतो. गेला की त्याची नळी मी स्वतः उकडतो. शोभाला हात लावू देत न्हाई." मग कुकरवरच्या वाफेच्या काट्याकडं बघत म्हणले, "मयतीला मला कोण बोलवणार बाबा. त्यांना म्हाईत बी नसतं मी कोण ते."

काटा वर चढला. त्यानंतर वीस मिनिटं लागतात. मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. शोभा पर्स घेऊन घरी निघाली होती. तिनं दार उघडलं, आम्हाला बघितलं, पर्स खाली ठेवली आणि तीही पदर डोक्यावर घेऊन आमच्या मागं येऊन उभी राहिली.